राज्याचा दुखवटा

"जिजी, अहो, हे काय करताय?"

जिजीनं, म्हणजे माझ्या सासूनं, मान वर केली नाही. अंगणातल्या दगडावर ती पाय पसरून बसली होती आणि पायांवर माझी तान्ही उजी पालथी. थोड्या वेळापूर्वीच मी पोरीला तेल-उटणं लावून न्हाऊ घातलं होतं, काजळाची तीट लावली होती, कानामागे अत्तराचं बोट फिरवलं होतं आणि कोरं गुलाबी झबलं घालून पाळण्यात ठेवलं होतं. ते झबलं आता चिखलात पडलं होतं. जिजी पोरीच्या अंगावर नुसतं पाणी ओतत होती. मान, काखा, कानामागची जागा तळहातानं घासून घासून धूत होती. मग तिनं स्वतःच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याचा तुकडा घेतला आणि उजीला डोक्यापासून पायांपर्यंत गुंडाळलं.

नुसत्या पाण्याची अशी अंघोळ आणि वर असं पांढरं कापड, हे सिन्नरला माझ्या माहेरी मी एकाच प्रसंगी पाहिलं होतं. त्या घरातलं मूल रडत नव्हतं. माझी उजी हातपाय झाडत होती, तरी मला दरदरून घाम फुटला.

"अशुभ दिसतं ते, जिजी! आजच्या दिवशी तरी!"

"पोर राजाले देखाडाले लई जावानी शे," ती म्हणाली. "मिरवाले नई."

ही गोष्ट बागलाणातली. आमचं मोरदर गाव गडाच्या पायथ्याशी आहे. बागलाण हे एके काळी स्वतंत्र राज्य होतं, त्याला त्याचा बागुल घराण्यातला राजा होता, हे मला लग्न होऊन इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. मोरदरला मात्र ते राज्य काल-परवा गेल्यासारखं लोक बोलायचे. दिल्लीच्या फौजेनं गड घेतला तो दिवस माघ वद्य नवमी, असं गावाचं म्हणणं. त्या दिवशी सगळं गाव राजाचा दुखवटा पाळायचं. चूल पेटायची नाही, आदल्या दिवशीची भाकर खायची. डोक्याला तेल नाही, केसात फूल नाही, अंगावर रंगीत कापड नाही. पांढरी घोंगडी डोक्यावरून घेऊन, अनवाणी, गडाच्या दरवाजापर्यंत जायचं. वाटेत म्हसोबाचा खडक लागतो, तिथपासून पुढे बोलायचंही नाही. वर जाऊन उंबऱ्याला डोकं टेकायचं, वर्षभरात जन्मलेली पोरं दरवाजाला दाखवायची आणि गपचूप खाली यायचं. म्हसोबाचा खडक ओलांडला की जीभ मोकळी.

त्या वर्षी माझ्या सासऱ्यांनी, नानांनी, ठरवलं की पुरे झालं.

नाना म्हणजे गडाच्या दरवाजाचे मानकरी. उंबऱ्याला पहिलं डोकं टेकायचा मान आमच्या घराचा. माणूस मोठा बोलका, हसरा. वर्षात एक दिवस गप्प बसायचं म्हणजे त्यांना शिक्षाच. त्यात बऱ्याच वर्षांनी घरात पाळणा हललेला. त्यांनी पारावर माणसं जमवली आणि सांगितलं, "आरे, मानूस गया ते वरीसभरमा दुखवटा काढतस. सोयरा नवं लुगडं लई येतस, गोड जेवन करतस. आपला राजाना दुखवटा कोनीच काढा नई. साडेतीनशे वरीस व्हयनात! राजा भी कटाळना व्हई आते!"

लोक हसले. पण गोष्ट पटली. दुखवटा काढायची रीत सगळ्यांना ठाऊक होतीच. तेल लावून नाहायचं, नवे कपडे घालायचे, अत्तर लावायचं, धूप जाळायचा, वाजतगाजत देवाला जायचं आणि मग गोडाचं जेवण. नानांनी मालेगावहून अत्तराची बाटली आणवली, झेंडूच्या माळा करवल्या, सुका गोंधळ्याला संबळ घेऊन बोलावलं. मला तर आनंदच झाला होता. बाळंतपणानंतर पहिल्यांदा नटायला मिळणार होतं. संक्रांतीची काळी चंद्रकळा नेसले, गजरा माळला आणि अत्तर लावताना हात जरा सैलच सोडला.

एकटी जिजी अडून बसली. भांडली नाही, नुसती नाही म्हणाली. ती जुन्याच लुगड्यात राहिली, डोक्याला तेल लावलं नाही आणि घोंगडी काढून झटकून ठेवली. नानांनी अत्तराचं बोट पुढे केलं तर मागे सरकली.

"तुले कसानं भ्याव वाटस वं?" नानांनी विचारलं.

"माले नई म्हाईत."

"मंग?"

"वाटस, एवढंच."

हे आदल्या रात्रीचं बोलणं. आणि सकाळी तिनं माझ्या पोरीची ही अशी दशा केली. माझा नवरा साताऱ्याला पलटणीत, तक्रार करायची कुणाकडे? उजीला पुन्हा नटवायला वेळही नव्हता, कारण बाहेर संबळ सुरू झाला होता आणि नाना हाका मारत होते. मी तशीच त्या पांढऱ्या कापडासकट पोर उचलली. जिजीनं हात पुढे केले, पण मी तिला हात लावू दिला नाही.

"मीच घेईन माझी पोर," मी म्हणाले. चांगलं तोडून बोलले.

गडाची वाट सोपी नाही. आधी करवंदाच्या जाळ्या, मग मुरमाचा चढ, मग कातळात खोदलेल्या पायऱ्या. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. पुढे संबळ, त्याच्या मागे धुपाटणं घेतलेले नाना, मग माळा घेतलेली माणसं, मग आम्ही बायका. सगळे बोलत होते, हसत होते. म्हसोबाच्या खडकाशी मात्र क्षणभर सगळ्यांचीच जीभ अडखळली. पिढ्यान् पिढ्यांची सवय ती. मग नानांनीच "बोला बागुल राजाना जय!" म्हणून आरोळी ठोकली आणि माणसं सैलावली. मी मागे वळून पाहिलं. जिजी सगळ्यांच्या मागे, घोंगडी डोक्यावरून घेऊन, ओठ मिटून येत होती. दुखवटा तिच्यापुरता चालूच होता.

मला तिची भीती वाटायला लागली होती. खोटं कशाला बोलू? सकाळपासून डोळ्यांपुढून ती अंघोळ हलत नव्हती. या बाईला माझ्या पोरीचं काही बरंवाईट दिसलंय का? का हिच्याच मनात काही आहे? चढताना मी पुन्हा पुन्हा कापड बाजूला करून उजी श्वास घेतेय ना, हे बघत होते. ती मजेत झोपली होती.

दरवाजाशी पोचलो. दगडी कमान अजून शाबूत, आत दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांनी बसायच्या देवड्या, म्हणजे भिंतीतच कोरलेल्या खोलगट जागा. कमानीच्या वर कडा पुढे झुकलेला. त्या कड्याला आग्या मोहळं लटकलेली होती, काळी, सुपाएवढी, एकाला लागून एक. मी पहिल्यांदाच वर आले होते, बघूनच थबकले.

"काही नई करतस," शेजारची बाई म्हणाली. "दरसाल ऱ्हातस त्या. आजलोंग कोनले चावन्या नईत."

आणि ते खरंच होतं. गावात कुणालाही विचारा, गडावरच्या माश्या कधी कुणाला डसल्या नव्हत्या. राजाच्या माश्या त्या, आपल्या माणसाला ओळखतात, असं लोक म्हणायचे.

नानांनी कमानीला झेंडूची माळ बांधली. धुपाटण्यात मूठभर ऊद टाकला. पांढरा दाट धूर उठला, कमानीखाली घुटमळला आणि कड्याच्या अंगानं वर चढू लागला. सुका गोंधळ्यानं संबळावर जोराची थाप दिली. कातळात तो आवाज दुप्पट होऊन घुमला आणि उजी दचकून जागी झाली.

मी वर पाहिलं. एका मोहळावरून लाट गेल्यासारखं काहीतरी सळसळलं. काळं होतं ते क्षणभर चकाकलं आणि पुन्हा काळं झालं. मग शेजारचं सळसळलं. मग सगळीच.

"नाना," मी म्हणाले. पण संबळाच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू आला नाही.

पहिली माशी माझ्या गजऱ्यात शिरली. दुसरी मानेवर डसली. तापलेली सुई टोचावी तशी कळ मस्तकात गेली आणि मी ओरडले. तेवढ्यात कड्यावरून मोहळाचा एक अख्खा थर सुटून खाली आला. तो आवाज मी कसा सांगू? संबळ थांबला होता, माणसं किंचाळत होती, पण त्या सगळ्यावर तो गुणगुणाट होता आणि तो कानांतून नव्हे, दातांतून येतोय असं वाटत होतं. सुका संबळ टाकून पळाला. नाना दोन्ही हातांनी तोंड झाकून जागच्या जागी गोल फिरत होते आणि त्यांची नवी पांढरी टोपी माश्यांनी काळी झाली होती.

"पया रे! पया!" कुणीतरी ओरडलं.

मी उजीला छातीशी दाबून भिंतीला टेकले. पळायचं कुठं? पायऱ्यांवर रेटारेटी, बाजूला दरी, हातात पोर. पदर तिच्यावर ओढला तर पदराबरोबर माश्याच आत आल्या. माझी मान, पाठ, हात पेटले होते. माझं सोडा, पण यांतली एक जरी त्या एवढ्याशा जिवाला डसली तर? दोन डसल्या तर?

"पोर माले दे."

डावीकडच्या देवडीत जिजी बसली होती. आधीपासून तिथेच असावी. घोंगडी पांघरून, भिंतीला टेकून, अजिबात न हलता. तिच्या आसपास माश्या घोंघावत होत्या, पण तिच्यावर एकही बसलेली नव्हती. तिनं घोंगडीतून दोन्ही हात बाहेर काढले होते आणि पोरीसाठी तेवढं मौन मोडलं होतं.

"पोर माले दे आनि तू पय. तुना आंगले वास शे."

मी दिली नाही. सकाळी याच हातांनी माझ्या पोरीला प्रेतासारखी अंघोळ घातली होती, हेच माझ्या डोक्यात. मी उजीला आणखी घट्ट धरलं. आणि तेव्हा मला दिसलं. एक माशी उजीच्या अंगावरच्या पांढऱ्या कापडावर बसली. दोन बोटं चालली. काही सापडलं नाही तशी उडाली आणि सरळ येऊन माझ्या मनगटावर, जिथे मी अत्तर लावलं होतं तिथे, डसली. मागून दुसरीनं तेच केलं. पोरीच्या अंगावरून त्या माझ्याकडे येत होत्या.

माझ्याजवळ असण्याचाच माझ्या पोरीला धोका होता.

मी उजीला त्या हातांत टाकली. होय, टाकलीच. घोंगडी मिटली. जिजीचा एक हात तेवढा बाहेर राहिला, माझ्या मनगटाचं अत्तर लागलेला, घोंगडीची कड दगडावर दाबून धरलेला. मी पळाले.

पोटच्या पोराकडे पाठ फिरवून कधी कुणाला पळावं लागू नये. पाय पळत होते आणि बाकी सगळा देह मागे ओढत होता. पण वळून बघितलं तर परत जाईन, आणि परत गेले तर हे सगळं ढगासारखं माझ्याबरोबर तिच्याकडे जाईल, एवढं कळत होतं. म्हणून मी वळले नाही. मुद्दाम हात हलवत, ओरडत पळाले. या, माझ्याच मागे या. त्या आल्याही. पायऱ्या संपल्या, मुरमावर घसरले, गडगडले आणि करवंदाच्या एका जाळीत तोंड खुपसून पडले. गजरा ओरबाडून लांब फेकला. मग काही काळ मला काहीच कळलं नाही.

भान आलं तेव्हा आवाज विरळ झाला होता. एक डोळा उघडत नव्हता, दुसरा फटीएवढा. ओठ एवढे सुजले होते की जीभ बाहेर काढता येईना. खाली वाटेवरून माणसं नानांना खांद्यावर घालून नेत होती. मला कुणी पाहिलं नाही आणि मला हाक मारता आली नाही.

मी कान लावून पडून राहिले. वरून रडण्याचा आवाज यावा म्हणून. भुकेची वेळ झाली होती. दूध दाटून छाती ठणकत होती. या वेळेला उजी सगळी आळी डोक्यावर घ्यायची. रड ग बाई. एकदाच रड. वरून काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. डंखांपेक्षा ती शांतता सोसवेना.

ऊन कलल्यावर पायऱ्यांवर जिजी दिसली. घोंगडी तशीच डोक्यावरून, दोन्ही हात आत, छातीशी काहीतरी धरलेलं. पाऊल मोजून टाकत येत होती. मी जाळीतून उठले, रांगतच वाटेवर आले.

"उजी?" माझ्या सुजलेल्या तोंडातून जेमतेम एवढंच निघालं.

जिजी थांबली. माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

मी पुढे झाले तशी ती मागे सरकली, पुन्हा मान हलवली आणि हातानं मला लांब राहायची खूण केली. मग माझ्या अंगाला अंग लागू न देता बाजूनं पुढे गेली. घोंगडीच्या फटीतून पांढऱ्या कापडाचं टोक लोंबत होतं. ते हलत नव्हतं.

मी तिच्या मागून चालले. रडतही नव्हते, रडायला डोळे कुठं होते? सकाळची अंघोळ, पांढरं कापड, मुकी बाई पुढे आणि मी मागे. माझ्या मनानं सगळं पुरं केलं होतं. नवऱ्याला तार कुणी करायची, इथपर्यंत मी पोचले होते. तरी पाय चालत होते, कारण ती पुढे चालत होती आणि तिच्याजवळ माझी पोर होती, जशी असेल तशी.

म्हसोबाच्या खडकाजवळ ओढा आहे. जिजीनं खडक ओलांडला, ओढ्याकाठी बसली आणि घोंगडी बाजूला केली. मांडीवरच्या पांढऱ्या गाठोड्यातून एक लालबुंद पाय बाहेर आला आणि त्यानं हवेत जोराची लाथ मारली.

"झोपेल व्हती," जिजी म्हणाली. "आते उठनी. भुक लागनी तिले."

मला हसू की काय करू ते कळेना. तोंडातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. मी धावले, उजीवर वाकले, हात पुढे केले. उजीनं डोळे मोठे केले, माझ्या त्या सुजून विद्रूप झालेल्या तोंडाकडे पाहिलं आणि किंकाळी फोडली. जिजीच्या कुशीत तोंड लपवलं. माझीच पोर मला भ्याली. गडावरच्या सगळ्या माश्यांनी मिळून जे केलं नव्हतं ते त्या किंकाळीनं केलं. मी मटकन खाली बसले.

"आधी आंग धव," जिजी म्हणाली. "त्या वासनं तुले वळखत नई ती. मंग ले."

मी नेसत्या चंद्रकळेसकट ओढ्यात उतरले. वाळूनं मान घासली, मनगटं घासली, कानामागची जागा घासली. डंखांवरून वाळू फिरत होती आणि मी घासत होते. अत्तर जाईपर्यंत घासलं. नुसत्या पाण्यानं. मग ओली येऊन बसले, डोळे मिटले आणि पोर घेतली.

ती आधी रडलीच. मग तिचं नाक माझ्या गळ्याशी आलं, खाली सरकलं, हुंगत राहिलं. रडणं थांबलं. एक मोठा हुंदका देऊन ती प्यायला लागली आणि तिची चिमुकली मूठ रोजच्यासारखी माझ्या मंगळसूत्रात अडकली.

तेव्हा कुठे माझं लक्ष जिजीच्या उजव्या हाताकडे गेलं. घोंगडीची कड दाबून धरलेला तो हात. कोपरापर्यंत भाकरीसारखा फुगला होता आणि त्यावर माश्यांचे काटे इतके दाट होते की कातडी दिसत नव्हती. तो हात तिनं एकदाही आत ओढला नव्हता, कारण ओढला असता तर फट पडली असती. ती ओरडलीही नव्हती.

"जिजी, तुम्हाला माश्यांचं ठाऊक होतं?" मी विचारलं.

"नई वं माय. माले कोन सांगीन?" ती आपल्या हाताकडे दुसऱ्याच कुणाचा असावा तशी बघत होती. "मनी सासू भ्याये, म्हनीसन मी भ्यास. तिनी सासू भी भ्याये म्हने. कसाले, ते कोनीच सांगं नई."

नाना वाचले. सटाण्याच्या दवाखान्यात बरेच दिवस होते, नंतर एका कानानं ऐकू येईनासं झालं. पुढच्या माघात पांढरी घोंगडी घेऊन, ओठ मिटून, ते सगळ्यांच्या पुढे गड चढले आणि गावात कुणी दुखवटा काढायचं नाव काढलं नाही. जिजीच्या त्या हाताची बोटं पुन्हा पुरती मिटली नाहीत. आज उजीला स्वतःच्या पोरी आहेत आणि माघ वद्य नवमीला त्या मला विचारतात, आजी, अंघोळीला साबण का नाही? पण ते पुढचं.

त्या दिवशी ओढ्याकाठी मी एका हातानं पोर धरली आणि दुसऱ्या हाताच्या नखांनी जिजीच्या हातातला एकेक काटा काढत बसले. वारं सुटलं होतं. उजी पिता पिताच झोपली. मी ते जुनं पांढरं कापड उचललं आणि माझ्या हातानं तिला डोक्यापासून पायांपर्यंत गुंडाळलं.